सगळ्या घराच्या डोक्यात उवा झाल्यात, कायमच्या कशा घालवू?

अबोलीवळेसार | १५ सप्टेंबर, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. आठवडाभर लिहू की नको करत होते, आज लिहितेच.

आम्ही मालवणजवळच्या एका वाडीत राहतो. घरी सासूबाई, आम्ही दोघं, लेक तिसरीत आणि धाकटा अंगणवाडीत. गणपतीत मुंबई-पुण्याहून सगळे आले होते, घरात एकवीस माणसं. फुगड्या संपल्या की मुलं माजघरात एका रांगेत गोधड्यांवर आडवी व्हायची आणि डोक्याला डोकं लावून एकाच मोबाइलमध्ये बघत बसायची. सात रात्री हेच चाललं होतं.

चाकरमानी परत गेले आणि आठवड्याभरात लेक डोकं खाजवायला लागली. पावसाळ्यात केस नीट वाळत नाहीत, ओल्या केसांची वेणी घालावी लागते, त्यामुळे कोंडा झाला असेल असं मला वाटलं. मग रविवारी जरा ऊन पडलं म्हणून तिला पायरीवर बसवून विंचरायला घेतलं, तर पांढऱ्या ओढणीवर तिळासारखं काहीतरी पडलं आणि चालायला लागलं. कानांमागचे केस वर केले तर मानेपर्यंत लिखाच लिखा.

मेडिकलमधून लोशन आणलं. केसांना तेल होतंच, त्याच्यावरच चोळलं आणि पाच मिनिटांनी धुतलं. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी परत तेच. आता माझंही डोकं खाजतंय. सासूबाई म्हणतात, "वायच रॉकेल लाय गो, सगळ्यो मरतल्यो. आमच्या येळार रॉकेलच लायत." मी अजून लावू दिलेलं नाही.

पण मला सगळ्यात लागलं ते शाळेतलं. लेकीला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलंय. काल घरी आली आणि म्हणाली, "आई, माझे केस कापून टाक." कमरेपर्यंत केस आहेत तिचे, रोज सकाळी मी दोन वेण्या घालते. मला रडूच आलं. जावेच्या मुलीकडूनच आल्या असणार हे मला दिसतंय, पण तिला बोलायचं कसं? बोलले तर वर्षभर बोलणं बंद होईल.

कुणाला अनुभव असेल तर नीट सांगा. काय करू?

मोरपिशी | १५ सप्टेंबर, रात्री १०:५१

अबोली, आमच्याकडे सीताफळाच्या बिया वाळवून, कुटून, खोबरेल तेलात कालवून लावायचे. रात्री लावायचं, डोक्याला फडका बांधायचा, सकाळी सगळ्या मेलेल्या. एकदम नैसर्गिक, पैसे लागत नाहीत. परड्यात झाड असेलच तुमच्या.

रानजाई | १५ सप्टेंबर, रात्री ११:१५

मोरपिशी, राग मानू नका, पण अबोलीने हे करू नये म्हणून लगेच लिहितेय.

मी बारावीत असताना आईने मला हेच लावलं होतं. रात्री झोपेत फडका सरकला आणि पूड डोळ्यात गेली. सकाळी डोळा उघडेना. लालभडक, नुसतं पाणी, उजेड बघवत नव्हता, आणि दुखणं असं की मी भिंतीवर डोकं आपटत होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बुबुळावरचा पातळ पडदा सोलवटलाय, आणि पहिला प्रश्न विचारला तो, "सीताफळाच्या बिया लावल्या होत्या का?" म्हणजे असे किती पेशंट त्यांनी बघितले असतील! पाच दिवस डोळ्यावर पट्टी होती. नशिबाने दृष्टी वाचली.

त्या बियांनी उवा मरतात हे खरंच आहे, पण ज्याने ऊ मरते तेच डोळ्यात गेलं तर डोळा जाळतं. झाडापासून आलं म्हणजे निरुपद्रवी, असं समजू नका. लहान पोरगी रात्री झोपेत डोकं खाजवणार आणि त्याच हाताने डोळे चोळणार.

मोरपिशी | १५ सप्टेंबर, रात्री ११:३२

बाप रे. मला खरंच माहीत नव्हतं. माझा सल्ला मागे घेते. अबोली, नका लावू.

कातळसडा | १६ सप्टेंबर, सकाळी ७:०५

रॉकेलबद्दल मी लिहितो. आमच्या राजापूरकडच्या घरी माझ्या चुलतबहिणीच्या डोक्याला काकीने रॉकेल लावलं होतं. दोघी न्हाणीकडे गेल्या. पाणी तापत होतं, चूल पेटती होती. बहीण नुसती ओणवी झाली, एवढंच. पुढचं लिहीत नाही. ती आज आहे, संसार करते, पण मानेवरचे आणि कानावरचे व्रण पदराने झाकते.

ज्यांच्या घरात अजून चुलीवर पाणी तापतं त्यांनी रॉकेल, पेट्रोल, टर्पेंटाइन यातलं काहीही केसांच्या जवळपास आणू नये. आग लागली नाही तरी कातडी सोलते, आणि मुलाच्या पोटात-छातीत गेलं तर न्यूमोनिया होतो. तसंच गुरांच्या गोचिडांचं औषध, ढेकणांचं औषध, आंब्यावर फवारायचं औषध. हे सगळं लावलेली माणसं मी पाहिली आहेत. आजीला माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा.

निवृत्त_सिस्टर | १६ सप्टेंबर, दुपारी २:४०

अबोली, मी एकतीस वर्षं परिचारिका होते, त्यातली बरीचशी सिंधुदुर्गातल्या उपकेंद्रांत गेली. पहिलं म्हणजे, लेकीचे केस कापू नका. केस काढले की उवा जातात हे खरं, पण त्याची गरज नाही आणि पोरीच्या मनाला ते शिक्षा म्हणून लागतं.

ऊ मळक्या केसांतच होते असं काही नाही. रोज न्हाणाऱ्या डोक्यातही ती तितक्याच सुखात राहते. तिला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही, ती फक्त चालते. म्हणून डोक्याला डोकं लागलं की पसरते. फणी, टॉवेल, उशी यांतून पसरू शकते, पण ते कमी. माणसाचं रक्त मिळालं नाही तर ती एक-दोन दिवसांतच मरते, त्यामुळे सगळं घर धुवून काढायची धावपळ करू नका. कुत्र्या-मांजरावर ती राहत नाही. आणि डोक्यातली ऊ कुठला रोग पसरवत नाही. त्रास होतो तो खाजेचा, आणि खाजवून जखमा चिघळल्या तर त्याचा.

आता तुमचं औषध का फसलं ते सांगते.

मादी दिवसाला सहा ते आठ अंडी घालते, तीच लिखा. त्वचेच्या अगदी जवळ, केसाला डिंकासारख्या पदार्थाने चिकटवते, म्हणून कोंडा चिमटीने निघतो आणि लीख निघत नाही. लिखेतून साधारण सात ते नऊ दिवसांत पिल्लू बाहेर येतं. ते मोठं होऊन स्वतः अंडी घालायला लागायला आणखी नऊ ते बारा दिवस जातात. मेडिकलमध्ये सहसा मिळतं ते परमेथ्रिन १ टक्क्याचं लोशन. त्याने चालत्या उवा मरतात, पण सगळ्या लिखा मरत नाहीत. म्हणून पहिल्या औषधानंतर नवव्या दिवशी दुसऱ्यांदा लावायचं. तोवर उरलेल्या लिखा फुटलेल्या असतात आणि त्यातून निघालेल्या एकीनेही अजून अंडं घातलेलं नसतं. हा नववा दिवस चुकला की पहिल्यापासून सुरुवात. माझ्या अनुभवात दहातल्या आठ घरांत हाच दिवस चुकायचा, कारण खाज थांबलेली असते आणि माणूस विसरतो.

दुसरी चूक तेलाची. आपल्याकडे मुलींचं डोकं तेलाने चप्प असतं. त्या तेलावर लोशन लावलं तर ते केसापर्यंत पोचतच नाही. आधी साध्या शाम्पूने केस धुवायचे, कंडिशनर लावायचा नाही, टॉवेलने टिपून दमट ठेवायचे. निथळत्या केसांत लावलं तर औषध पातळ होतं. मग कानांमागे आणि मानेवर आधी, नंतर सगळ्या डोक्याला मुळापासून. घड्याळ लावून दहा मिनिटं. कमी नको आणि "जास्त ठेवलं तर जास्त मरतील" म्हणून तासभरही नको. डोळ्यांवर घडी केलेला पंचा धरायचा. डोकं पुढे वाकवून धुवायचं, अंगावरून आंघोळ घालत नाही धुवायचं. पुढचे दोन दिवस शाम्पू नाही. कमरेपर्यंत केस असतील तर एका बाटलीत भागत नाही, दोन आणा. खरजेवर मिळतं ते ५ टक्क्यांचं मलम वेगळं, ते स्वतःच्या मनाने डोक्याला चोळू नका.

घरात सगळ्यांची डोकी एकाच दिवशी बघा. ज्याच्या डोक्यात चालती ऊ दिसेल त्याला आणि त्याच्या कुशीत झोपणाऱ्याला औषध. बाकीच्यांना नको. सासूबाईंना वगळू नका.

चाकरमानी_डोंबिवली | १६ सप्टेंबर, रात्री ९:१२

सिस्टर, पुरुषांनाही होतात का? आणि आमच्याकडे एक समज आहे की समुद्रात डोकं बुडवून आलं की खाऱ्या पाण्याने उवा मरतात. मुलं मे महिन्यात तारकर्लीला तासन्‌तास पाण्यात असतात, म्हणून विचारतोय.

निवृत्त_सिस्टर | १६ सप्टेंबर, रात्री ९:५०

होतात. बारीक केसांत लवकर सापडतात म्हणून कमी वाटतात, शिवाय बाप्ये डोक्याला डोकं लावून कमी बसतात. पण मुलगी बाबांच्या खांद्यावर झोपत असेल तर बाबांचंही डोकं बघायचं.

समुद्राने काही होत नाही. पाण्यात ऊ केसाला घट्ट धरून बसते आणि कित्येक तास तग धरते.

अबोलीवळेसार | १७ सप्टेंबर, सकाळी ११:०५

सिस्टर, तुमचं लिखाण दोनदा वाचलं, नवऱ्यालाही वाचायला दिलं. माझं सगळंच चुकलं होतं. तेल, पाच मिनिटं, आणि दुसरी खेप लावायची असते हेच माहीत नव्हतं. शनिवारी दुपारी सगळ्यांचं करायचं ठरवलंय.

एक विचारते. जावेच्या मुलीकडूनच आल्या ना? तसं कळलं तर तिला निदान तिकडे औषध करायला सांगता येईल.

निवृत्त_सिस्टर | १७ सप्टेंबर, दुपारी १:३०

नाही सांगता येणार, आणि का ते नीट ऐका. खाज म्हणजे उवेच्या लाळेची त्वचेला येणारी ॲलर्जी. ज्याला आयुष्यात पहिल्यांदा उवा होतात त्याला ती यायला चार ते सहा आठवडे लागतात. तुमची लेक गणपतीनंतर आठवड्याभरात खाजवायला लागली. तिला याआधी कधी झाल्या नसतील, तर या उवा श्रावणातल्याच आहेत, गणपतीच्या आधीच्या. म्हणजे तुमच्या लेकीकडून जावेच्या मुलीकडे गेल्या असंही असू शकतं.

जावेला फोन करा, पण "तुझ्याकडून आल्या" म्हणून नको. "आमच्याकडे सापडल्या, तुझ्याकडेही बघ" एवढंच सांगा. तिकडे राहिल्या तर दिवाळीत पुन्हा एकमेकींना देतील.

अबोलीवळेसार | १७ सप्टेंबर, दुपारी २:१०

हे वाचून मी सुन्न झाले. आठवडाभर मी मनातल्या मनात तिला बोल लावत होते.

बाईंचा_वर्ग | १७ सप्टेंबर, संध्याकाळी ६:२५

मी देवगड तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिकवते. शेवटच्या बाकाचं वाचून मला शिक्षिका म्हणून वाईट वाटलं, म्हणून लिहिते.

लेकीला वेगळं बसवून काहीच साधत नाही. ज्या दिवशी एका मुलीच्या डोक्यात ऊ दिसते त्या दिवशी ती कित्येक आठवडे तिथे असते, आणि तेवढ्या काळात मधल्या सुट्टीत, लंगडीत, एका पुस्तकात वाकून वाचताना ती आणखी चौघींकडे गेलेली असते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही हेच म्हणणं आहे, की उवा किंवा लिखा आहेत म्हणून मुलाची शाळा बुडवू नये. वर्ग चालू असताना बाकावर बसून ऊ फारशी पसरत नाही.

मी माझ्या वर्गात काय करते ते सांगते. एकीचं कळलं की नाव न घेता सगळ्या पालकांना एकच चिठ्ठी जाते: "आपल्या वर्गात उवा आढळल्या आहेत, शनिवार-रविवारी सगळ्यांनी घरी डोकी तपासावीत." मुलांच्याही चिठ्ठ्या जातात, मुलींच्याच नाही. पहिल्या वर्षी मी फक्त तीन मुलींच्या आयांना बोलावलं होतं. त्या तिघी एकाच वाडीतल्या होत्या आणि पुढचे पंधरा दिवस त्यांच्या शेजारी कुणी डबा खायला बसलं नाही. ती माझी चूक होती, ती मी पुन्हा केली नाही. आमच्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं तेव्हा मी त्या डॉक्टरांनाच वर्गाशी दहा मिनिटं बोलायला लावते. बाईंचं ऐकलं नाही तरी डॉक्टरांचं मुलं ऐकतात.

तुम्ही शाळेत जा. भांडायला नको. बाईंना सांगा की औषध चालू केलंय, तिला तिच्या मैत्रिणीशेजारी बसवा, आणि सगळ्या वर्गाला चिठ्ठी पाठवा.

ओवी | १७ सप्टेंबर, रात्री ८:४०

मला पाचवा महिना चालू आहे आणि माझ्या डोक्यातही सापडल्यात, मोठीमुळे. मी लोशन लावू का?

निवृत्त_सिस्टर | १७ सप्टेंबर, रात्री ९:२०

तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलंच औषध नको. तोवर नुसती फणी. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावायचा. त्याने उवांची हालचाल मंदावते आणि दात घसरत जातात. कंडिशनर नसेल तर खोबरेल तेल चालेल, पण तेलाने त्या खात्रीने मरत नाहीत, तेल फक्त विंचरायला सोपं करतं. करंजेल, उंडेल लावणारीही घरं आहेत आपल्याकडे. मी म्हणेन, वासापायी पोरीला रडवण्यापेक्षा खोबरेलच बरं.

केसांचे चार भाग करायचे, एकेक बट घेऊन बारीक दातांची फणी डोक्याला टेकवून टोकापर्यंत ओढायची आणि प्रत्येक वेळी पांढऱ्या फडक्याला पुसायची. फडक्यावर काय आलं ते दिसलं पाहिजे. लांब केसांना पाऊण तास लागतो. दर तीन दिवसांनी, निदान तीन आठवडे. नेटाने केलं तर नुसत्या फणीनेही जातात. जिथे औषध लावलंय तिथेही फणी सोडायची नाही.

कातळसडा | १७ सप्टेंबर, रात्री १०:४५

फणीचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो, मला हे फार आवडलेलं आहे. इस्राएलमध्ये लाखीश नावाच्या प्राचीन शहराच्या उत्खननात २०१६ साली हस्तिदंताची एक छोटी फणी सापडली, जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची. एका बाजूला सहा जाड दात गुंता सोडवायला, दुसऱ्या बाजूला चौदा बारीक दात उवांसाठी. पुढे काही वर्षांनी तिच्यावर कोरलेली अक्षरं लक्षात आली आणि २०२२ मध्ये ती वाचून प्रसिद्ध झाली. सतरा अक्षरं, इसवीसनपूर्व १७०० च्या सुमाराची. त्यांचा अर्थ असा की, हा सुळा केसांतल्या आणि दाढीतल्या उवा समूळ काढो. कनानी, म्हणजे त्या भागातल्या प्राचीन लोकांच्या, लिपीतलं हे आजवर सापडलेलं सर्वांत जुनं पूर्ण वाक्य मानतात. फणीच्या एका दातावर उवेचे अवशेषही मिळाले.

माझ्या आजीच्या फणीकरंड्यात अशीच दोन बाजूंची लाकडी फणी होती. दुपारची भांडी झाली की मागच्या पडवीत एकीमागे एक अशा चार बायका बसायच्या, आणि दोन अंगठ्यांच्या नखांमध्ये टच्‌ टच्‌ आवाज यायचा. हस्तिदंताची फणी म्हणजे श्रीमंताघरची वस्तू. तेव्हा लेकीला सांगा, हे पौने चार हजार वर्षं मोठमोठ्या घरांतून चालत आलंय.

अबोलीवळेसार | १७ सप्टेंबर, रात्री ११:००

कातळसडा, लेकीला हे वाचून दाखवलं. "दाढीतल्या पण?" म्हणून कितीतरी वेळ हसत होती. पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसली.

अबोलीवळेसार | २० सप्टेंबर, रात्री ९:३०

आज केलं. सविस्तर लिहिते, दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

सकाळी दहाला सगळ्यांना पडवीत बसवलं. सासूबाई तयारच नव्हत्या. "माझ्या डोक्यात काय्येक नाय. माका खाजता खंय?" शेवटी नातीने हात धरून बसवलं. त्यांचे पांढरे केस, त्यात सहजी काही दिसतही नव्हतं. ओल्या केसांतून पहिली फणी ओढली आणि फडक्याला पुसली तर एका ओळीत चार. सासूबाई बघतच राहिल्या. मग नातीला जवळ घेऊन म्हणाल्या, "बाय, तुझ्यापरास माझ्याच डोक्यात जास्ती गावल्यो मा?" खरंच जास्त होत्या. नात रोज त्यांच्याच कुशीत झोपते. त्यांना खाज का येत नव्हती, सिस्टर?

माझ्या डोक्यात नऊ मिळाल्या, धाकट्याच्या दोन, नवऱ्याच्या एकही नाही. त्यांना औषध लावलं नाही.

बाकी सगळं तुम्ही सांगितलंत तसं. शाम्पू, टॉवेल, घड्याळ लावून दहा मिनिटं. लेकीच्या केसांना दीड बाटली लागली. दहा मिनिटं तिच्या डोळ्यांवर पंचा धरून नवरा तिला पाढे म्हणायला लावत होता. नंतर विंचरलं तेव्हा फडक्यावर पडलेल्या बहुतेक निपचित होत्या, दोन-तीन हळूहळू पाय हलवत होत्या. ते चालेल ना? फण्या कढत पाण्यात दहा मिनिटं बुडवल्या, उशांचे अभ्रे, टॉवेल आणि अंगावरचे कपडे न्हाणीतल्या कढत पाण्यातून काढले. पाऊस होता, म्हणून गोधड्या दोन दिवस माळ्यावर टाकून दिल्यात.

निवृत्त_सिस्टर | २१ सप्टेंबर, सकाळी ८:१५

छान केलंत. हळू हलणाऱ्यांची काळजी नको, त्या मरणाऱ्याच आहेत. पण आठ-बारा तासांनंतरही पहिल्यासारख्या तुरुतुरु पळत असतील तर त्या औषधाला त्या दाद देत नाहीत असं समजायचं. अशा वेळी तेच औषध पुन्हा पुन्हा थापायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं. आयव्हरमेक्टिन, डायमेथिकोन असे दुसरे उपाय आहेत, ते डॉक्टर ठरवतील. आणि लेकीच्या मानेमागे गाठी लागताहेत का, डोक्यात पू झालेले फोड आहेत का, तेही बघून ठेवा. असतील तर दाखवा.

खाज प्रत्येकाला सारखी येत नाही. काहींना जवळजवळ येतच नाही, सासूबाईंचं तसंच असेल. म्हणून "मला खाजत नाही" हे कधी धरायचं नाही, फणी काय सांगते ते धरायचं.

अबोलीवळेसार | २१ सप्टेंबर, दुपारी ४:००

लेकीच्या मानेमागे उजवीकडे एक लहान गाठ लागते, मऊ, चण्याएवढी. उद्या दाखवून येते.

आणि जावेला फोन केला. मी फक्त "आमच्याकडे सगळ्यांच्या डोक्यात सापडल्या, सासूबाईंच्यासुद्धा, तू तुझ्याकडे बघ" एवढंच म्हटलं. ती काही बोलेनाच. मला वाटलं रागावली. मग म्हणाली, "वहिनी, मी जुलैपासून तिच्या डोक्याशी झगडतेय. गणपतीत तुमच्या लक्षात आलं तर काय म्हणाल म्हणून रोज पहाटे चारला उठून न्हाणीघरात तिचं डोकं विंचरत होते." मी त्याच घरात, भिंतीपलीकडे झोपले होते. तिला मी नवव्या दिवसाचं सांगितलं. तिलाही दुसरी खेप माहीत नव्हती. दोघींनी ठरवलंय की २९ तारखेला एकमेकींना फोन करायचा.

रानजाई | २१ सप्टेंबर, संध्याकाळी ५:१०

पहाटे चारला. ते वाचून पोटात तुटलं.

अबोलीवळेसार | २२ सप्टेंबर, संध्याकाळी ७:२०

गाठ खाजवलेल्या जखमेमुळेच आहे असं डॉक्टर म्हणाले, आठ-पंधरा दिवसांत बसेल, नाही बसली तर परत या. शाळेतही जाऊन आले. बाई नीट बोलल्या. त्यांनाही दुसऱ्या पालकांनी तक्रार केली म्हणून काहीतरी करावं लागलं होतं. आज लेक आपल्या जुन्या बाकावर बसली. चिठ्ठी सगळ्या वर्गाला जाणार आहे, मुलांनाही.

अबोलीवळेसार | २९ सप्टेंबर, रात्री १०:०५

नववा दिवस. सकाळी सहालाच जावेचा फोन, "वहिनी, आठवण आहे ना?" दोन्हीकडे दुसरी खेप झाली. आज लेकीच्या डोक्यात तीन बारीक, फिकट पिल्लं मिळाली, सासूबाईंच्या दोन. म्हणजे आज लावलं नसतं तर हीच मोठी झाली असती. मोठी एकही नाही.

लिखा अजून दिसतात, पांढऱ्या, त्वचेपासून बोटभर लांब. त्याचं काय करू?

निवृत्त_सिस्टर | ३० सप्टेंबर, सकाळी ९:००

ती रिकामी टरफलं आहेत. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्याच्याबरोबर लीख वर सरकत जाते. त्वचेला लागून असलेली, तपकिरी, फुगीर ती जिवंत असू शकते. लांब गेलेली पांढरी बहुधा फुटून गेलेली. दिसायला नको म्हणून काढा हवं तर, औषध परत नको. फणी मात्र दर तीन दिवसांनी.

अबोलीवळेसार | १२ ऑक्टोबर, दुपारी ३:४५

आज सलग चौथ्यांदा फडकं कोरं आलं. लेकीचं, सासूबाईंचं, माझं, धाकट्याचंही. गाठही बसली. दसऱ्याला लेकीने दोन्ही वेण्यांवर अबोलीचा वळेसार माळला होता, सासूबाईंनी स्वतः ओवला.

दिवाळीला जाऊ येतेय. मुली माजघरात एकत्रच झोपणार, त्यांना वेगळं करायचं नाही असं आम्ही ठरवलंय. ती आली की पहिल्या दिवशी आणि जायच्या आदल्या दिवशी सगळ्यांची डोकी पडवीत, दिवसाउजेडी बघायची.

सागरगोटा | १२ ऑक्टोबर, रात्री ८:३०

नवीन सभासद आहे, सगळा धागा वाचला. आमच्याकडे मुलीच्या डोक्यात आज सापडल्या. ही फणी नक्की कसली घ्यायची? इथे प्लास्टिकची मिळते तिचे दात वाकतात.

अबोलीवळेसार | १२ ऑक्टोबर, रात्री ८:५५

प्लास्टिकची घेऊ नका, माझीही पहिली वाकलीच होती. लांब स्टीलच्या दातांची मागा, मेडिकलवाल्याकडे नसेल तर मागवून देतो. दात इतके जवळ हवेत की मधून सुती दोरा जेमतेम जाईल. आज रात्रीच ओल्या केसांत कंडिशनर लावून एकदा विंचरा आणि घरात किती जणांच्या डोक्यात आहेत ते बघा. मग औषधाचा दिवस ठरवा, आणि नववा दिवस कुठला येतो ते आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.